स्वच्छता निरीक्षक घडवणाऱ्या संस्थांना खुले पत्र : इंग्लंडच्या गावांचे जुने आरोग्य अहवाल वर्गात वाचून घ्या

प्रति,
राज्यात स्वच्छता निरीक्षक पदविका अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांचे प्राचार्य, अध्यापक आणि अभ्यासक्रम मंडळांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुस्तकांत कंट्रोल्ड टिपिंग (कचरा थराथराने मातीखाली पुरणे) आहे, दुधाची फॉस्फेटेज चाचणी आहे, पाश्चरायझेशनची होल्डर पद्धत आहे, मैलापाणी खडीच्या थरातून झिरपवून शुद्ध करणारे ट्रिकलिंग फिल्टर आहेत. विद्यार्थी हे सगळे पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि नोकरीला लागतो. ही कामे कुठल्या गावात, कुठल्या कायद्याखाली, किती माणसांच्या बळावर झाली आणि कुठे फसली, याची त्याला गंधवार्ता नसते. म्हणून आमची एकच मागणी आहे. १९४५ ते १९६५ या वर्षांतला, इंग्लंडमधल्या कुठल्याही एका अर्बन डिस्ट्रिक्टचा वार्षिक आरोग्य अहवाल प्रत्येक तुकडीकडून पहिल्या पानापासून शेवटच्या तक्त्यापर्यंत वाचून घ्यावा. लंडनच्या वेलकम कलेक्शनने असे हजारो अहवाल स्कॅन करून सर्वांसाठी मोफत खुले ठेवले आहेत. खर्च शून्य आहे, लागतो तो फक्त तासिकेतला वेळ.

मोठ्या शहरांचे अहवाल सोडून अर्बन डिस्ट्रिक्टच का, याचे कारण आहे. १८९४ च्या कायद्याने तयार झालेली आणि १ एप्रिल १९७४ ला रद्द झालेली ही छोट्या गावांची स्थानिक संस्था आपल्या नगरपरिषदेच्या सर्वांत जवळची. लँकेशायरमधली रॉयटन आणि चॅडर्टन ही गिरण्यांची गावे, यॉर्कशायरमधले वॉम्बवेल हे कोळशाच्या खाणीचे गाव, डर्बीशायरमधले बोल्सओव्हर, ही सगळी अर्बन डिस्ट्रिक्ट होती. दोन लाखांवर वस्तीचे हॅरोदेखील १९५४ पर्यंत अर्बन डिस्ट्रिक्टच होते, पण तो अपवाद. बहुतेक ठिकाणी डॉक्टर असलेला मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ अर्धवेळ असे किंवा दोन-तीन डिस्ट्रिक्टांत वाटलेला असे. गल्लीबोळांतले काम एक मुख्य सॅनिटरी इन्स्पेक्टर आणि त्याच्या हाताखालचे एक-दोघे ओढत. १९५६ च्या कायद्याने त्यांचे नाव पब्लिक हेल्थ इन्स्पेक्टर झाले, काम तेच राहिले. प्रयोगशाळा गावात नसे, पैसा बेताचा असे. आपला विद्यार्थी उद्या ज्या खुर्चीवर बसणार आहे ती खुर्ची हीच.

५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा रुग्णालये प्रादेशिक मंडळांकडे गेली आणि माता-बालसंगोपन, लसीकरण, रुग्णवाहिका ही कामे काउंटीकडे, म्हणजे जिल्हा पातळीच्या संस्थेकडे, गेली. अर्बन डिस्ट्रिक्टकडे उरले ते पाणी, गटारे, कचरा, घरे, अन्न आणि साथरोगांची नोंद. अनेक अधिकाऱ्यांना ही वाटणी जाचली आणि त्यांनी अहवालात तसे लिहिलेही. आपल्या दृष्टीने मात्र त्यामुळे अहवाल नेमका झाला: निव्वळ स्वच्छता निरीक्षकाच्या कामाचा.

हा अहवाल ऐच्छिक नव्हता. नियमांनुसार दरवर्षी तो लिहावाच लागे, मंत्रालयाला पाठवावाच लागे, आणि त्यात कोणते आकडे हवेत याची परिपत्रके येत. पूर्णवेळ आरोग्य अधिकाऱ्याला किंवा सॅनिटरी इन्स्पेक्टरला मंत्र्यांच्या संमतीवाचून काढता येत नसे. घरमालक असलेल्या नगरसेवकाच्या घराला नोटीस काढण्याची हिंमत या तरतुदीतून आली, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

पहिल्या पानावर क्षेत्रफळ, लोकसंख्या, घरांची संख्या, करपात्र मूल्य आणि ‘एका पेनीच्या कराचे उत्पन्न’ असते. हा शेवटचा आकडा लोक ओलांडून जातात. त्या काळी एका पौंडाचे २४० पेन्स. करपात्र मूल्य १,२०,००० पौंड असेल तर पौंडामागे एक पेनी कर बसवून वर्षाला ५०० पौंड जमतात. म्हणजे ५,००० पौंडांचे गटारकाम एकाच वर्षात करायचे तर दहा पेन्स कर वाढवावा लागेल. कौन्सिल, म्हणजे अर्बन डिस्ट्रिक्टची निवडलेली सभा, एखादे काम पुढे का ढकलते ते या एका ओळीवरून कळते. आपल्याकडे स्वच्छतेचा प्रस्ताव मांडणारा निरीक्षक हा हिशेब कधी करत नाही, कारण तो त्याला शिकवलेलाच नसतो.

त्याखाली जन्ममृत्यूचे दर येतात, आणि लहान गावात आकडे कसे फसवतात ते इथे दिसते. वर्षाला २०० जन्म होणाऱ्या गावात एक बालमृत्यू म्हणजे दरहजारी ५. एका वर्षी पाच मुले दगावली तर दर २५, पुढच्या वर्षी आठ दगावली तर ४०. गावात काहीच बदललेले नसतानाही वृत्तपत्राला मथळा मिळतो. म्हणून जाणता अधिकारी पाच वर्षांची सरासरी शेजारी मांडतो, आणि इंग्लंड-वेल्सचा दर तुलनेला देतो. हा दर १९०० च्या सुमारास दरहजारी दीडशेच्या वर होता आणि १९५० मध्ये तिसाच्या आसपास आला होता. मृत्युदराला रजिस्ट्रार जनरलने (जन्ममृत्यू नोंदणीच्या प्रमुखाने) दिलेल्या तुलना-गुणकाने गुणावे लागे, म्हणजे गावागावांतल्या वयोमानाचा फरक निघून जाई. समुद्रकाठच्या गावात निवृत्त माणसे जास्त, त्यामुळे कच्चा दर १६ दिसला आणि गुणक ०.७५ असला तर खरा तुलनायोग्य दर १२ येतो. हे गणित फळ्यावर पाच मिनिटांत होते.

खरा गाभा आहे घरांच्या तक्त्यात. विहित नमुन्यातल्या पहिल्या दोन ओळी अशा: वर्षात किती घरे तपासली, आणि त्यासाठी एकूण किती तपासण्या केल्या. आकडे दोन आहेत, आणि मुद्दाम दोन आहेत. ३०० घरे आणि ३२० तपासण्या असे दिसले तर समजावे की इन्स्पेक्टर दोष लिहून आला आणि परत फिरकला नाही. ३०० घरे आणि १,१०० तपासण्या असतील तर प्रत्येक घरी तो तीन-चार वेळा गेला आहे: दोष पाहायला, मालकाला भेटायला, काम चालू असताना आणि काम संपल्यावर. पुढच्या ओळी तर आणखी बोलक्या आहेत. औपचारिक नोटीस न काढता किती घरे दुरुस्त झाली, किती नोटिसा काढल्या, त्यानंतर किती कामे मालकांनी केली, आणि मालकाने न केल्यामुळे कौन्सिलने स्वतः करून खर्च वसूल केला अशी किती. आपल्याकडच्या अहवालात ‘नोटिसा दिल्या : ४१२’ एवढे लिहिले की काम झाले असे धरतात. त्या ४१२ चे पुढे काय झाले याची ओळच नमुन्यात नसते. आमचे म्हणणे या एका ओळीसाठी आहे.

नोटिशीचा प्रवासही शिकवण्याजोगा आहे. १९३६ च्या पब्लिक हेल्थ अॅक्टच्या कलम ९२ मध्ये कशाला उपद्रव म्हणायचे ते दिले आहे, कलम ९३ खाली कौन्सिलची उपद्रव हटवण्याची नोटीस निघते, ती पाळली नाही तर कलम ९४ खाली न्यायालयाचा आदेश मिळतो. पण इन्स्पेक्टर सुरुवात करी ती साध्या पत्राने. याचे कारण सौजन्यापुरते नव्हते. कायदेशीर नोटिशीला समितीची मंजुरी लागे आणि समिती बहुधा महिन्यातून एकदा बसे. छपराची कौले सरकून भिंत ओली होत असेल तर महिनाभर थांबणे परवडत नाही. पत्र त्याच दिवशी जाते. म्हणून अनौपचारिक पत्रावर बहुसंख्य कामे उरकणारा इन्स्पेक्टर कामाचा समजावा, आणि कायदेशीर नोटिसांचा आकडा एकाएकी फुगला तर मालकांनी हात आखडता घेतल्याचे ते लक्षण मानावे.

मालक हात आखडता का घेत, याचेही उत्तर अहवालांतच सापडते. जुन्या घरांची भाडी महायुद्धापासून गोठलेली होती आणि विटा, लाकूड, मजुरी महागली होती. आठवड्याला काही शिलिंग भाडे देणाऱ्या घरावर वर्षभराच्या भाड्याहून जास्त खर्च करायला मालक तयार नसे. १९५७ च्या रेंट अॅक्टने भाडे वाढवायची मुभा दिली आणि त्याबरोबर भाडेकरूच्या हाती नादुरुस्तीच्या दाखल्याचे हत्यार दिले. भाडेकरूने दोषांची यादी मालकाला द्यायची, सहा आठवडे वाट पाहायची, मग कौन्सिलकडे अर्ज करायचा. कौन्सिल दाखला देणार असे कळवल्यावर मालकाला तीन आठवड्यांत लेखी हमी देता येई. हमी दिली की दाखला थांबे, आणि सहा महिन्यांत काम झाले नाही तर मालक अडकला. १९५८ आणि १९५९ च्या अहवालांत या अर्जांचा स्वतंत्र तक्ता असतो. त्यात अर्ज किती आणि हमीपत्रे किती हे शेजारी ठेवून वाचावे: बहुतेक मालक दाखल्याआधीच नमत होते की नाही ते लगेच दिसते.

घर राहण्यालायक आहे का हे ठरवताना १९५४ च्या कायद्याने आठ गोष्टी पाहायला सांगितल्या: दुरुस्ती, मजबुती, ओल नसणे, नैसर्गिक उजेड, हवा, पाणी, सांडपाण्याचा निचरा व संडास, आणि अन्न साठवण्याची, रांधण्याची व खरकटे पाणी टाकण्याची सोय. त्याच कायद्याने प्रत्येक कौन्सिलकडून राहण्यास नालायक घरांचा आकडा मागवला. इंग्लंड-वेल्स मिळून तो साडेआठ लाखांच्या घरात गेला. १९५१ च्या जनगणनेत ३७ टक्के कुटुंबांच्या घरात बसवलेली न्हाणी नव्हती. श्रीमंत देशाचे हे चित्र विद्यार्थ्याने पाहावे, म्हणजे स्वच्छता आपोआप येते हा समज गळून पडेल.

आता गटारांकडे येतो, कारण इथे बारकावा सर्वांत जास्त आहे. घरातून निघणारा नळ चार इंची, चिनीमातीचा, दोन-दोन फुटांच्या तुकड्यांचा. उताराचा ढोबळ नियम असा: चार इंचीला ४० फुटांत एक फूट, सहा इंचीला ६० फुटांत एक, नऊ इंचीला ९० फुटांत एक. उतार याहून कमी झाला तर मैला तळाशी बसतो. सांध्यात आधी तागाची दोरी ठोकायची, मग सिमेंटचा मसाला भरायचा. दोरी नीट ठोकली नाही तर मसाला आत सरकतो आणि नळाच्या तळावर कंगोरा तयार होतो. त्या कंगोऱ्याला कागद अडकतो, कागदावर चरबी, आणि सहा महिन्यांनी चेंबर भरतो. वरून पाहणाऱ्याला उतार बरोबर दिसतो, नळ नवा दिसतो, आणि तुंबण्याचे कारण सापडत नाही. शिवाय सिमेंटचा सांधा ताठ असतो. खाणीच्या गावात जमीन खचली की तो तडकतो, पाणी जमिनीत मुरते, माती आत येते. वॉम्बवेलसारख्या गावात आणि गिरणीच्या गावात गटारदुरुस्तीचे प्रश्न एकसारखे नव्हते ते यामुळे.

दुसरी अडचण इंटरसेप्टर ट्रॅपची. घराचा नळ सार्वजनिक गटाराला मिळण्याआधी शेवटच्या चेंबरमध्ये हा ट्रॅप बसवत, गटारातला वायू घरात येऊ नये म्हणून. ट्रॅपच्या पलीकडचा भाग काठीने साफ करता यावा यासाठी त्याला वरच्या बाजूला एक आडवे तोंड असते आणि त्याला बूच असते. गटार तुंबून पाण्याचा उलटा दाब आला की हे बूच निसटते आणि खाली ट्रॅपमध्येच पडते. आता ट्रॅप बंद झाला, पण वरचे तोंड उघडे आहे. मैलापाणी चेंबरमध्ये त्या तोंडाच्या उंचीपर्यंत साचते आणि तिथून निघून जाते. घरात काहीच तुंबत नाही, तक्रार येत नाही, आणि चेंबरच्या तळाशी मैला महिनोन्‌महिने कुजत राहतो. झाकण उचलल्याशिवाय हे कळत नाही. म्हणून ‘वास येतो पण तुंबलेले नाही’ अशी तक्रार आली की इन्स्पेक्टर पहिल्यांदा शेवटच्या चेंबरचे झाकण उचली.

गळती शोधायला तीन चाचण्या होत्या. नव्या नळाला पाण्याची: खालचे तोंड बुचाने बंद करून नळ भरायचा आणि पातळी उतरते का ते पाहायचे. जुन्या नळाला ही चाचणी फार कडक ठरते, चांगला चालता नळही नापास होतो, म्हणून तिथे धुराची. आणि कुणाच्या घरचे पाणी कुठे जाते हे ठरवायचे असेल तर फ्लुरोसीन हा हिरवा रंग संडासात टाकून पुढच्या चेंबरशी उभे राहायचे. ओळीने बांधलेल्या घरांच्या मागून सगळ्यांचा मिळून एकच नळ जात असे, त्यामुळे तुंबले की भांडण ठरलेले. १९३६ च्या कायद्याने १ ऑक्टोबर १९३७ च्या आधीच्या अशा सामाईक नळांना सार्वजनिक गटार ठरवले. साफ कौन्सिलने करायचे, पण कलम २४ खाली दुरुस्तीचा खर्च त्या त्या मालकांकडून वसूल करता येई. खर्च किती जणांत कसा वाटायचा यासाठी नळाचा नकाशा हवा, आणि नकाशा नसेल तर पुन्हा तोच हिरवा रंग.

संडासांच्या रूपांतराचा तक्ता तर दरवर्षी सलग वाचावा. खेडेगावात सोडाच, उत्तर इंग्लंडच्या औद्योगिक गावांतही १९५० नंतर बादलीचे संडास शिल्लक होते आणि ते आठवड्याला उचलावे लागत. लँकेशायरमध्ये आणखी एक प्रकार होता, टिपलर. यात स्वच्छ पाणी लागत नाही. स्वयंपाकघराचे सांडपाणी तीन-चार गॅलनांच्या मातीच्या झुलत्या भांड्यात साठते, भांडे भरले की वजनाने कलंडते आणि त्या लोंढ्याने मैला वाहून जातो. पाण्याची बचत होई, पण संडासाखाली खोल विहिरीसारखा नळ असे, झुलते भांडे अडकले की मैला वाहून जाणे थांबे, आणि सुट्टीत घर बंद असले की सांडपाणीच नसे. १९३६ च्याच कायद्याच्या कलम ४७ ने कौन्सिलला असा अधिकार दिला की गटार आणि पाणी जवळ असेल तर जुना संडास चालू स्थितीत असला तरी पाण्याचा संडास करायला लावावा, मात्र निम्मा खर्च कौन्सिलने सोसावा. या निम्म्या खर्चामुळेच रूपांतराचा आकडा वर्षागणिक पुढे सरकला, आणि पैशाची तंगी आली त्या वर्षी तो गोठला. अनुदान आणि सक्ती एकत्र असल्याशिवाय शेवटचे संडास बदलत नाहीत, हे एकाच गावाचे दहा अहवाल ओळीने ठेवले की दिसते.

पाण्याबद्दल मंत्रालयाला नेमके हवे असे: किती घरांना थेट नळ, किती लोकांना रस्त्यावरच्या सार्वजनिक नळाचे पाणी, जंतुतपासणीचे आणि रासायनिक नमुने किती, निकाल काय, आणि पाणी शिसे विरघळवते का. शेवटचा प्रश्न उत्तर इंग्लंडच्या पेनाइन डोंगरातल्या गावांसाठी जिवाचा होता. दलदलीच्या पठारावरचे पाणी मऊ आणि आम्लधर्मी असते, शिशाच्या नळात रात्रभर थांबले की शिसे घेते. म्हणून नमुना सकाळचा पहिला घ्यायचा. दुपारी भरपूर पाणी वाहून गेल्यावर घेतलेला नमुना निर्दोष येतो आणि फसवतो. उपाय म्हणून पाण्यात चुना किंवा खडू मिसळत. जंतुतपासणीत १०० मिलिलिटरमागे कोलिफॉर्म (मैल्याचा संसर्ग सुचवणारे जंतू) शून्य असेल तर पाणी उत्तम, १ ते २ समाधानकारक, ३ ते १० संशयास्पद, १० च्या वर असमाधानकारक.

नमुना चांगला आला म्हणजे पाणी सुरक्षित, असे मात्र नाही. १९३७ मध्ये क्रॉयडनला विषमज्वराची साथ आली. क्रॉयडन अर्बन डिस्ट्रिक्ट नव्हते, मोठे शहर होते, पण त्या साथीचा धडा प्रत्येक गावाच्या पाणीखात्यासाठी आहे म्हणून ते इथे येते. अॅडिंग्टनच्या विहिरीत दुरुस्तीसाठी माणसे उतरली होती, पाणी गाळण्याची आणि क्लोरीन देण्याची व्यवस्था त्या काळात बंद होती, तरी विहिरीचे पाणी गावाला चालूच होते. उतरलेल्यांपैकी एकजण विषमज्वराचा वाहक निघाला. ३४१ जणांना लागण झाली, ४३ दगावले. अभियंत्याला काम माहीत होते, आरोग्य अधिकाऱ्याला माहीत नव्हते. एकाने दुसऱ्याला कळवले असते तर साथीचे कारण लवकर ओळखू आले असते.

दुधाच्या चाचण्या आपल्याकडे दोन वेगळ्या व्याख्या म्हणून शिकवल्या जातात. अहवालात त्या जोडीने येतात, आणि जोडीनेच त्यांना अर्थ आहे. पाश्चरायझेशन होल्डर पद्धतीने १४५ ते १५० अंश फॅरनहाइटला ३० मिनिटे, म्हणजे साधारण ६३ ते ६५ सेल्सियस, किंवा जलद पद्धतीने १६१ फॅरनहाइटला १५ सेकंद. दुधातले फॉस्फेटेज हे विकर (एन्झाइम) क्षयाच्या जंतूंपेक्षा उष्णतेला किंचित चिवट असते, ते निष्क्रिय झाले म्हणजे जंतूही मेले. मेथिलीन ब्लू चाचणी दुधातला जंतुभार सांगते. आता निकाल असे वाचायचे. फॉस्फेटेज नापास आणि मेथिलीन ब्लू पास : दूध स्वच्छ आहे पण नीट तापलेले नाही, किंवा त्यात कच्चे दूध मिसळले. तापमापक, झडप, कच्च्या दुधाची नळी तपासा. फॉस्फेटेज पास आणि मेथिलीन ब्लू नापास : तापवणे बरोबर झाले, घाण नंतर शिरली. बाटल्या धुण्याचे यंत्र, थंड करण्याची जागा, गाडीवरचा वेळ पाहा. दोन्ही नापास असेल तर डेअरीत सकाळी लवकर, न कळवता जा. उन्हाळ्यात सावलीतले तापमान ठराविक मर्यादेवर गेले की मेथिलीन ब्लूचा निकाल रद्द धरत. म्हणून तक्त्यात ‘रद्द’ असा वेगळा रकाना असतो, तो पासमध्ये मिळवू नये.

मांसाच्या तक्त्यात गाई, इतर मोठी जनावरे, वासरे, मेंढ्या आणि डुकरे असे पाच रकाने असतात: मारली किती, तपासली किती, पूर्ण बाद किती, एखादा अवयव बाद किती, त्यांत क्षयामुळे किती. गाईंचा रकाना वेगळा ठेवला कारण दुभत्या, म्हाताऱ्या गाईंत क्षय जास्त सापडे. क्षयमुक्त गोठ्यांची मोहीम १९६० मध्ये देशभर पूर्ण झाली. त्याआधीच्या दहा वर्षांत गाईंतल्या क्षयाचा हा एकच टक्का उतरताना पाहिला तर मोहिमेचा परिणाम डोळ्यांनी दिसतो. जुलै १९५४ मध्ये मांसाचे रेशनिंग संपले आणि सरकारी केंद्रीय कत्तलखान्यांऐवजी खाटकांचे छोटे खासगी कत्तलखाने पुन्हा उघडले. इन्स्पेक्टर तेवढेच, ठिकाणे अनेक, कत्तल संध्याकाळी आणि रविवारी. ‘मारली’ आणि ‘तपासली’ हे दोन आकडे त्या वर्षापासून कुठल्या गावात एकमेकांपासून दुरावले ते शोधून काढणे हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम स्वाध्याय होईल.

साथरोगांच्या तक्त्यावर फार वेळ घालवू नये, तो सगळ्यांना ठाऊक असतो. घटसर्पाचे आकडे तेवढे सांगावेत: १९४० मध्ये ब्रिटनभर ६१,००० हून अधिक रुग्ण आणि ३,२८३ मृत्यू, १९५७ मध्ये ३८ रुग्ण आणि ६ मृत्यू.

कचऱ्याच्या बाबतीत नियम थोडके होते आणि मोडले की शिक्षा लगेच मिळे. थर सहा फुटांपेक्षा जाड नको, उघड्या सगळ्या बाजूंवर किमान नऊ इंच माती, आणि ७२ तासांपेक्षा जास्त वेळ कचरा उघडा नको. त्या काळच्या डब्यात निम्म्याहून अधिक शेगडीची राख आणि निखारे असत. थर जाड झाला की आतल्या आत धुमसे. माती उतारावर न टाकता फक्त माथ्यावर टाकली तर कडेने उंदीर शिरत, आणि कुजण्याच्या उबेत रातकिडे वाढून शेजारच्या वस्तीत घुसत. आपल्या डेपोंवर माती माथ्यावर पडते, उतार उघडे राहतात. चूक अगदी तीच आहे.

धुराचा विषय डिसेंबर १९५२ च्या लंडनच्या धुरक्यानंतर पुढे आला. त्यात सुमारे ४,००० माणसे दगावल्याचा अंदाज सरकारनेच दिला, आणि १९५६ मध्ये क्लीन एअर अॅक्ट झाला. गिरणीच्या धुराड्यासाठी रिंगेलमन तक्ता असे. पांढऱ्या कार्डावर काळ्या रेघांच्या जाळ्या, ० ते ५ क्रमांकांच्या. कार्ड इतके दूर धरायचे की रेघा मिसळून करडा रंग दिसावा, आणि तो धुराशी ताडून पाहायचा. क्रमांक २ किंवा त्याहून गडद म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘गडद धूर’. एका भट्टीला काजळी झाडण्याचा वेळ सोडून आठ तासांत मिळून दहा मिनिटांची सवलत, आणि सलग चार मिनिटांपेक्षा जास्त नाही. म्हणजे इन्स्पेक्टरला घड्याळ घेऊन उभे राहावे लागे.

घरांसाठी धूरनियंत्रण क्षेत्र जाहीर करायचे. शेगडी बदलण्याच्या खर्चातला सात-दशांश भाग परत मिळे, त्यातले चार-दशांश केंद्राचे आणि तीन-दशांश कौन्सिलचे. तरीही खाणीच्या गावांत हे क्षेत्र वर्षानुवर्षे कागदावर राहिले. खाणकामगारांना मजुरीचा भाग म्हणून कोळसा सवलतीत मिळे. बिनधुराचे इंधन वापरा म्हणणे म्हणजे त्यांच्या पगारावर हात टाकणे. हवा सर्वांत खराब जिथे होती तिथेच कायदा सर्वांत उशिरा पोहोचला, आणि अहवाल लिहिणाऱ्यांनी हे झाकून ठेवले नाही.

या अहवालांना दोषही आहेत आणि ते वर्गात सांगावेत. काही अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षे तेच वाक्य उतरवले आहे, विशेषतः मैलापाणी प्रकल्पाबद्दल. नव्या वसाहती बांधल्या, फिल्टर जुनेच राहिले, आणि ‘काम समाधानकारक’ हे शब्द बदलले नाहीत. मैलापाण्याचा निकष १९१२ च्या रॉयल कमिशनचा होता: बाहेर सोडायच्या पाण्यात तरंगता गाळ लिटरमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत आणि बीओडी (मैला कुजताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन) २० पर्यंत, तेही नदीत आठ पट पाणी मिळत असेल तर. ज्या अहवालात हे आकडे न देता ‘समाधानकारक’ लिहिले आहे तिथे विद्यार्थ्याने लाल खूण करावी. आणि घरे पाडण्याच्या आदेशांपुढे ‘कुटुंबांना पर्यायी घर’ हा रकाना नेहमी भरलेला नाही, हेही त्यांनी पाहावे. रिकामा रकाना ही सुद्धा माहिती असते.

हे सगळे अमलात आणायला नवा विषय नको. दुसऱ्या सत्रात आठ तासिका पुरतील. एका गटाला एक गाव द्यावे, त्याचे १९४८, १९५४ आणि १९६० असे तीन अहवाल द्यावेत, आणि प्रत्येक गटाने चार तक्ते काढावेत: घरे, संडासांचे रूपांतर, दुधाचे नमुने, मांस. मग त्याच तक्त्यांचे कोरे नमुने घेऊन जवळच्या नगरपरिषदेत जावे आणि कोणते रकाने भरता येतात, कोणते येत नाहीत ते लिहून आणावे. परीक्षेत व्याख्येऐवजी एक तक्ता द्यावा आणि काम कुठे अडले ते विचारावे.

मोजमापे मुलांना अडखळवतील, म्हणून सोबत एक चिठ्ठी द्यावी: १ गॅलन म्हणजे ४.५५ लिटर, १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, १ एकर म्हणजे ०.४ हेक्टर, १ पौंड म्हणजे २० शिलिंग आणि १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स. फॅरनहाइटमधून ३२ वजा करून पाचाने गुणावे आणि नवाने भागावे. अहवालांतले ‘दशलक्ष भागांत एक भाग’ हे माप पाण्यासाठी लिटरमागे एक मिलिग्रॅम इतकेच धरावे. कलम क्रमांक मात्र भाषांतर न करता तसेच ठेवावेत, कारण कायदा वाचायची सवय तिथूनच लागते.

कळावे,
आपले,
नगर स्वच्छतेच्या कामात आणि अध्यापनात असलेले काही जण